घाम कोणत्या भाषेत फुटतो?

बेळगावच्या वडगावात माझ्या एका मित्राचे विजेवर चालणारे चार माग आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको महिनाभर माहेरी, घटप्रभेकडं गेली होती. एके दुपारी त्याचा फोन आला. "बायकोला पत्र लिहायचंय, सुरुवात कशी करू सांग." लग्नाला अकरा वर्षं झालेला, दिवसातून दोनदा व्हिडिओ कॉल करणारा माणूस! मी हसलो, पण त्याची अडचण खरी होती. तो मराठी शाळेत शिकलेला, ती कन्नड शाळेत. घरात दोघं मराठीच बोलतात, पण देवनागरी ती अक्षर लावून लावून वाचते. कन्नड पाटी मात्र धावत्या बसमधून वाचेल.

त्यानं आधी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मग कन्नडमध्ये लिहून पाहिलं. दोन्ही झटकन जमलं आणि त्यामुळंच त्याला संशय आला. मराठीत मात्र 'मला तुझी' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. "हाताला घाम सुटला गा," तो म्हणाला.

हा घाम मोजता येतो. तळहाताच्या घामग्रंथी उष्णतेपेक्षा भावनेला लवकर दाद देतात. त्यांचा ताबा सिम्पथेटिक मज्जासंस्थेकडं असतो आणि ती आपल्या हुकमात नसते. घाम म्हणजे खारं पाणी, त्यातून वीज सहज वाहते. बोटांना दोन इलेक्ट्रोड लावून अगदी सौम्य वीज सोडली, की एखादा शब्द कानावर पडल्यावर दोन-तीन सेकंदांत त्वचेची वाहकता किती वाढली ते कळतं. चेहरा लपवता येतो, बोटं लपवता येत नाहीत.

कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2003 साली हाच प्रयोग अमेरिकेत राहणाऱ्या तुर्की लोकांवर केला. तुर्की त्यांची घरची भाषा, इंग्रजी मोठेपणी शिकलेली. साधे शब्द, शिव्या, लहानपणी घरात खाल्लेली बोलणी, असं सगळं दोन्ही भाषांत त्यांच्यापुढं ठेवलं. 'लाज नाही वाटत?' या जातीची वाक्यं तुर्कीत ऐकताना बोटं बोलली. तीच इंग्रजीत ऐकताना बरीच गप्प राहिली. घरच्या माणसाचाच आवाज कानात आल्यासारखं वाटलं, असंही काहींनी सांगितलं. लहानपणी शब्द कोशातून येत नाही. तो मार, माया, भूक, आईचा पदर यांच्यासकट येतो आणि त्या सगळ्याची मेंदूत एकच गाठ बसते. नंतर शिकलेल्या भाषेत ती गाठ सैल राहते. 'आय लव्ह यू' कॉलेजच्या कट्ट्यावर सहज का निघतं, ते इथं कळतं.

हे प्रयोग बोलणी आणि शिव्यांवरचे होते, प्रेमाच्या शब्दांवरचे नव्हेत. त्याबद्दल लंडनच्या ज्यां-मार्क डेवाल यांनी 2008 मध्ये बहुभाषक लोकांची मोठी पाहणी मांडली. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे कुठल्या भाषेत जड वाटतं, असा प्रश्न होता. पुष्कळांनी पहिल्या भाषेचं नाव घेतलं, पण सगळ्यांनी नाही. ज्या भाषेत माणूस जगला, भांडला, संसार केला, ती उशिरा आलेली असली तरी जड होऊ शकते. सीमाभागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथं कितीतरी घरांत हिशेब एका भाषेत आणि लाड दुसऱ्या भाषेत चालतात.

मित्राचं गाडं 'मला तुझी'च्या पुढं गेलं ते एका क्रियापदामुळं. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' असं आपल्याकडं नवरा बायकोला म्हणत नाही. म्हणालाच तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. त्यानं ते खोडलं आणि लिहिलं, 'तुझ्याबिगर करमंना.' भावनेला नेमकं नाव दिलं की काय होतं, ते मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं 2007 मध्ये मेंदूच्या स्कॅनवर पाहिलं. रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो बघताना लोकांनी त्या भावनेचं नाव निवडलं, तेव्हा भीतीच्या वेळी चेतणारा अमिग्डाला शांत झाला आणि कपाळामागचा उजवीकडचा एक भाग कामाला लागला. 'करमंना'मध्ये वेळ जात नाही, घर खायला उठतं, जेवणात मीठ लागत नाही, हे सगळं येतं. एवढं नेमकं नाव सापडल्यावर पेन चालू लागलं तर नवल नाही, असं आपलं मला वाटतं.

रिचर्ड स्लॅचर आणि जेम्स पेनेबेकर यांचा 2006 चा प्रयोग तर मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. प्रेमात असलेल्या 86 जोड्यांमधल्या एकेकाला तीन दिवस, रोज 20 मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी नात्याबद्दल मनातलं लिहिलं, काहींनी दिवसभरात काय केलं ते. तीन महिन्यांनी पहिल्या गटातल्या 77 टक्के जोड्या टिकून होत्या, दुसऱ्यातल्या 52 टक्के. खरी मेख पुढं आहे. लिहिलेलं जोडीदाराला दाखवलंच नव्हतं! फरक पडला तो त्यांच्या रोजच्या चॅटमध्ये; त्यात भावनेचे शब्द वाढले. जोड्या थोड्या होत्या आणि सगळ्या तरुण, तेव्हा वडगावच्या संसाराला हा आकडा जसाच्या तसा लावू नये.

शेवटी त्यानं मराठी मजकूर कन्नड लिपीत उतरवला. ळ दोन्हीकडं आहे, म्हणून 'काळजी' वाचली. शुद्धलेखन चुकलं तर ती हसेल, ही धास्ती मात्र त्याला पत्र पेटीत पडेपर्यंत होती. ही धास्ती जवळपास सगळ्यांना असते. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018 मध्ये लोकांकडून कृतज्ञतेची पत्रं लिहून घेतली. आपले शब्द नीट जमले का, याचीच लिहिणाऱ्यांना चिंता. ज्यांना पत्रं मिळाली ते मात्र मायेनं भरून पावले होते. त्यांना ओशाळं वाटेल हा लिहिणाऱ्यांचा अंदाजही फुगलेलाच निघाला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. चुकांबद्दल अवाक्षर नाही. थोडा वेळ कोणीच बोललं नाही, मग तिनं विचारलं, "एवढं लिहीपर्यंत करंट गेला होता काय ओ?"

गेला होता. दीड तास.