गंजाखालची ब्रफ

2016 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला बॉनहॅम्स या कंपनीच्या लिलावात ब्रफ सुपीरियर या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या आठ मोटारसायकली आल्या. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन मूरच्या माळरानावर, जुन्या कोठारांत त्या पन्नासहून जास्त वर्षं पडून होत्या. काहींचे तर नुसते सुटे भाग उरलेले. त्यातलं चार सिलिंडरचं बीएस4 हे मॉडेल तीन लाख 31 हजार 900 पौंडांना गेलं. मागे एकमेकांना खेटून दोन चाकं, ऑस्टिन सेव्हन मोटारीचं पाण्याने थंड होणारं इंजिन आणि चक्क रिव्हर्स गिअर! अशा गाड्या जेमतेम दहाच तयार झाल्या होत्या.

दुर्मीळ म्हणून किंमत, हे खरंच. पण अशी गाडी हाताळताना आधी गंज समजून घ्यावा लागतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, हवेतला ऑक्सिजन बसला की ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि आतला धातू वाचतो. लोखंडाचं नशीब तसं नाही. त्याचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो, फुगतो, पोपडे धरून सुटतो. खाली उघडं पडलेलं लोखंड पुन्हा गंजतं. समुद्राकडून येणारी खारी हवा हे काम आणखी वाढवते, कारण मीठ ओल धरून ठेवतं. क्रोमचा मुलामा स्वतः गंजत नाही, पण त्याला बारीक भेगा असतात. पाणी तिथून पोलादापर्यंत पोचतं आणि चकचकीत पृष्ठभागावर तपकिरी पुटकुळ्या उठतात.

मग सगळं घासून नवा रंग का देऊ नये? मला हा मोह फार घातक वाटतो. टाकीच्या बाजूंना गुडघे घासून झिजलेला रंग, कारखान्यातल्या कानशीचे ओरखडे, रंगाचे एकावर एक थर: सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने, हे तासाभरात पुसलं जातं आणि परत आणता येत नाही.

त्यापेक्षा गंज जागच्या जागी थोपवावा. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळाठिक्कर पडतो, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आवळ्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांची ती करामत. जुन्या लोखंडी वस्तू जपणारे तज्ज्ञ हीच युक्ती वापरतात: सुटे पोपडे काढून टॅनिक अ‍ॅसिडचा हात दिला की गंजाचं निळसर काळ्या, बऱ्यापैकी स्थिर थरात रूपांतर होतं. वर मेणाचा हात द्यायचा आणि गाडी कोरड्या जागी ठेवायची.

इंजिनाला मात्र धीर हवा. पिस्टन सिलिंडरला गंजाने चिकटलेला असेल, तर जोर लावून किक मारली की रिंगा तुटतात, सिलिंडरवर चरे पडतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून पातळ तेल सोडायचं. ते केसासारख्या फटीत आपोआप ओढलं जातं, पण त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. रोज थोडं तेल घालायचं आणि मागचं चाक हाताने अगदी हलकेच मागेपुढे करून बघायचं.