पीएचडी (राज्यशास्त्र), नाशिक

राज्यशास्त्रातली सर्वोच्च संशोधन पदवी, कागदोपत्री मराठी नाव विद्यावाचस्पती, पण बोलताना तसं कुणी म्हणत नाही. पदवीचा उगम कुठला यावर एकमत नाही. काहीजण बाराव्या शतकाच्या सुमारास पॅरिस-बोलोन्याला मिळणाऱ्या शिकवण्याच्या परवान्यापर्यंत मागे जातात, पण तो परवानाच होता, त्यात नवं संशोधन करायची अट नव्हती, म्हणून १८१० च्या बर्लिन विद्यापीठापासून धरणं जास्त पटतं. तिथून ती अमेरिकेत गेली (येल, १८६१) आणि १८८० मध्ये कोलंबियात राज्यशास्त्राचं वेगळं स्कूलच निघालं.

नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतो, त्यामुळे गाईड आणि संशोधन केंद्र इथल्या कॉलेजात मिळालं तरी पुण्याची वारी चुकत नाही, सिन्नर-संगमनेर करत एसटीत सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मांडीवर घेऊन बसलेला कुणीतरी दिसतोच.

नियम यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग), सध्या २०२२ चे. एमएला ५५ टक्के (राखीव गटांना ५ टक्के सूट), मग पेट (विद्यापीठाची प्रवेश परीक्षा) किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), मुलाखत. किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, तोही ५५ टक्क्यांनी पास. मुदत किमान ३, कमाल ६ वर्षं, वर २ वर्षं वाढ मिळू शकते, महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी २. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची. २०१६ च्या नियमात प्रबंधाआधी एक पेपर छापून येणं सक्तीचं होतं, आता ती सक्ती नाही, आणि पैसे भरून पेपर छापायचा जो बाजार झाला होता तो बघता हे बरंच झालं.

वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मोजताना कायद्याची भाषा वगळतात, हे आपल्या विषयाला फार सोयीचं, नाहीतर पेसावरचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) प्रबंध कलमांनीच अडकला असता. शेवटी बाहेरचे दोन परीक्षक आणि खुला व्हायवा (तोंडी परीक्षा).

विषय म्हणाल तर पेठ-सुरगाण्यातल्या ग्रामसभा, लासलगावचं कांद्याचं राजकारण, काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०), आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा (१९३५). जुन्या संदर्भांसाठी १८४० चं सार्वजनिक वाचनालय आहे.