सुटे भाग की अख्खी गाडी? वाहन-निर्यातीतल्या जकातवादाची पार्श्वभूमी

गाडीचे भाग पेट्यांत भरून पाठवायचे आणि विक्रीच्या देशात जोडायचे, ही पद्धत फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या काळापासूनची. १९११ साली मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये अशी जोडणी सुरू झाली. पुढे तयार गाडीवर जास्त आणि भागांवर कमी जकात ठेवून अनेक देशांनी कारखाने आपल्याकडे ओढले. निर्यातदारांनीही जवळजवळ पूर्ण गाडी ‘भाग’ म्हणून पाठवायला सुरुवात केली. सीकेडी (पूर्ण सुटे भाग) आणि एसकेडी (अर्धवट जोडलेले भाग) किटवरून, म्हणजे एका गाडीच्या भागांच्या संचावरून, होणारी भांडणे तिथली.

त्यातला सर्वांत महत्त्वाचा तंटा चीनचा. जागतिक व्यापार संघटनेत २००१ साली शिरताना चीनने गाड्यांवरची जकात २५ टक्क्यांवर आणि भागांवरची साधारण १० टक्क्यांवर आणण्याचे मान्य केले होते. पण २००५ पासून त्याने नवी पद्धत लावली. एखाद्या मॉडेलमधले आयात भाग ठरावीक प्रमाणाबाहेर गेले, की त्यांना ‘पूर्ण वाहनाचे स्वरूप’ आहे असे धरून २५ टक्के आकारणी. भाग वेगवेगळ्या जहाजांतून, वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आले तरी तेच. हिशेब व्हायचा तो गाडी जोडून झाल्यावर. म्हणजे एकच दिवा एका मॉडेलमध्ये १० टक्क्यांचा, दुसऱ्यात २५ टक्क्यांचा. दिवा बनवणाऱ्या पुरवठादाराच्या हातात यातले काहीच नव्हते, आणि माझ्या मते खरा अन्याय त्याच्यावरच होता.

युरोपीय संघ, अमेरिका आणि कॅनडा यांनी २००६ मध्ये याच संघटनेकडे तक्रार केली. प्रश्न एवढाच उरला, की ही सीमेवरची जकात आहे की देशांतर्गत कर? माल बंदरातून बाहेर पडून कारखान्यात जोडला गेल्यावर ठरणारी रक्कम हा अंतर्गत करच, असा निर्णय झाला आणि डिसेंबर २००८ मध्ये अपिलातही तो टिकला. अंतर्गत करात आयात मालाशी दुजाभाव चालत नाही, त्यामुळे चीन हरला. सप्टेंबर २००९ पासून ती आकारणी बंद झाली.

बातम्या इथेच थांबल्या. किटबाबत चीनविरुद्ध गेलेला निष्कर्ष मात्र अपिलात रद्द झाला होता, आणि अख्खे किट एकाच खेपेत आणल्यास त्याला वाहन मानणे चूक नाही, हे पहिल्या फेरीतले मत कायम राहिले. भाग निर्यात करणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी बाब ही आहे.

नंतरचा झगडा उत्तर अमेरिकेत झाला. १ जुलै २०२० पासूनच्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात, जकातमाफीसाठी गाडीत लागणारा प्रादेशिक वाटा, म्हणजे या तीन देशांत तयार झालेले मूल्य, ६२.५ वरून ७५ टक्के झाला. इंजिनासारखा मुख्य भाग एकदा प्रादेशिक ठरला, की गाडीच्या हिशेबात त्याचे पूर्ण मूल्य धरायचे का, यावर मेक्सिको आणि कॅनडाची बाजू जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पंचनिर्णयाने उचलून धरली. २०२५ मध्ये अमेरिकेने एप्रिलपासून गाड्यांवर आणि मे महिन्यापासून इंजिन, ट्रान्समिशन अशा भागांवर सारखीच २५ टक्के वाढीव जकात लावली. पण देशात गाड्या जोडणाऱ्यांना पहिल्या वर्षी गाडीच्या किमतीच्या ३.७५ टक्क्यांपर्यंत वजावट भागांवरच्या जकातीत दिली, आणि भाग व गाडी यांतला फरक पुन्हा उभा राहिला.