घरच्या बिर्याणीला पुलाव का म्हणतात? थोडी पार्श्वभूमी

घरी कुकरमध्ये मटण शिजवून बिर्याणी केली की कोणीतरी हमखास म्हणतं, हा तर पुलाव झाला. या वाक्याचा मला खरंच राग येतो, कारण त्यामागे समजतो तेवढा पक्का इतिहास नाहीये.

शब्दापासून बघू. फारसीत बिर्याँ म्हणजे भाजलेलं, तळलेलं. तांदळाला तिकडे बिरिंज म्हणतात आणि काहीजण बिर्याणीचं नाव त्यावरूनही काढतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत, म्हणजे अबुल फजलने लिहिलेल्या अकबराच्या कारभाराच्या ग्रंथात, 'बिर्याँ' नावाचा पदार्थ आहे, त्यात मेंढी, तूप, मीठ, केशर, लवंग, मिरी, जिरं, आणि तांदूळ नाहीच! 'दुज्दबिर्याँ' नावाचा वेगळा प्रकार आहे त्यात 10 शेर तांदूळ, 10 शेर मटण, साडेतीन शेर तूप, आणि लगेच पुढे खिम्याचा पुलाव. म्हणजे नावांची सरमिसळ तेव्हापासूनच.

मग फरक कशावरून करायचा? नेहमीचं उत्तर असं की पुलावात पाणी मोजून घालायचं आणि ते भातातच जिरवायचं, बिर्याणीत भात अर्धकच्चा उकडून पाणी काढायचं आणि थर लावून दम द्यायचा, म्हणजे झाकण घट्ट बंद करून मंद आचेवर वाफेत शिजवायचं. हैदराबादला हे बरोबर लागू होतं. पण तमिळनाडूत दिंडीगुलला बारीक सीरग सांबा तांदूळ मसाल्याच्या रश्श्यातच शिजतो, थर नाहीत, तरी ती बिर्याणीच. केरळात थलश्शेरीला आखूड दाण्याच्या कैमा तांदळाचा भात पाणी जिरवूनच करतात आणि मग थर देतात. यांना कोणी पुलाव म्हणून दाखवा बरं! माझ्या मते थर आणि दम असला की घरच्या भांड्यातली ती बिर्याणीच, मटण आधी कुकरमध्ये शिजलंय की नाही याचा काही संबंध नाही. मटण आधी शिजवून मग थर लावले की त्याला पक्की म्हणतात, ती जुनीच रीत आहे.

आपल्याकडे मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कच्चं मटण दही आणि पपई लावून तळाशी ठेवायची कच्ची पद्धत तिथल्या बऱ्याच घरांना परकी नव्हती. त्या काळी चूल होती, शेगडी होती, झाकणाला कणीक लावायची आणि वर निखारे ठेवायचे, म्हणजे वरून खालून सारखी धग. गॅस आला आणि वरचे निखारेच गेले. आता उष्णता फक्त खालून, तळ करपतो आणि बोकडाचं मटण मात्र आतून कच्चं राहतं. आमच्या आईने हे दोनदा भोगलं, एकदा तर पाहुणे बसलेले आणि पातेल्याच्या बुडाला काळा थर, त्यानंतर तिने पातेल्याखाली जाड तवा ठेवायला सुरुवात केली, आणि मटण आधी कुकरला 4-5 शिट्ट्या. भारतात कुकर बनायला लागले ते 1959 च्या सुमारास, घरोघरी पोचायला मात्र वेळ लागला.

पुढे सगळं भराभर बदललं. ब्रॉयलर चिकन स्वस्त झालं, ते लवकर शिजतं म्हणून घरात कच्ची पद्धत परत आली, फक्त चिकनची. मसाल्याची पाकिटं आली, दगडफूल आणि शहाजिरं वेगळं आणायची गरजच राहिली नाही, आणि टीव्हीवर बघून लोक तळलेल्या कांद्याला बिरिस्ता म्हणायला लागले. तांदूळही बदलला. आधी घरात जो असेल तो, आंबेमोहरसुद्धा, मग बासमती, आणि आता केटररवाल्यांचा सेला, म्हणजे सालासकट अर्धवट उकडून वाळवलेला तांदूळ, घरी आलाय कारण तो मोडत नाही. फक्त तो नेहमीच्या बासमतीपेक्षा जास्त वेळ, तासभर तरी भिजवावा लागतो, घाई केली की मटण मऊ आणि दाणा टणक.