राज्यशास्त्राच्या पदवीला इतके वेगवेगळे पेपर का?

पदवीला राज्यशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. राजकारण शिकायला आलो आणि हातात प्लेटो पडला! शेजारच्या पेपरात राज्यघटना, पलीकडे पक्ष आणि निवडणुका, त्यापुढे आंतरराष्ट्रीय संबंध. एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही. तक्रार रास्त आहे. हा विषय कुणी एका बैठकीत आखलेला नाही. ज्या काळाला जी निकड भासली, तिच्यापोटी एकेक पेपर येऊन बसला.

सर्वांत जुनी खूण स्वीडनमध्ये सापडते. १६२२ साली उप्साला विद्यापीठात योहान श्युटे या मुत्सद्द्याने एक प्राध्यापकपद स्थापन केलं. विषय होता वक्तृत्व आणि राज्यकारभार. आज ही जोडी विचित्र वाटते, पण दरबारी कामाला लागणाऱ्या तरुणाला लॅटिनमध्ये नेमकं बोलता-लिहिता येणं ही तेव्हा कारभाराचीच गरज होती. ते पद आजही चालू आहे.

प्लेटो-ॲरिस्टॉटल आले ते ग्रीक-लॅटिनच्या अभिजात शिक्षणाचं बोट धरून. ऑक्सफर्डने १९२०मध्ये तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र असा एकत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला, त्याचं लाडकं नावच ‘मॉडर्न ग्रेट्स’. ‘ग्रेट्स’ म्हणजे तिथला जुना अभिजात अभ्यासक्रम. त्याला पर्याय काढला तरी थाट तोच राहिला.

राज्य आणि त्याच्या संस्थांच्या अभ्यासामागची गोष्ट मात्र जास्त खडतर आहे. फ्रान्सिस लीबर हा प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातून परागंदा झालेला विद्वान. १८५७मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात तो इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवू लागला. पुढे अमेरिकेत यादवी पेटली. लीबरची दोन मुलं उत्तरेकडून लढली. तिसरा दक्षिणेच्या बाजूने लढला आणि त्यात मेला. त्याच युद्धात, १८६३मध्ये, उत्तरेच्या सैन्याने कसं वागावं याची नियमावली लीबरनेच लिहिली. राज्य म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्यासाठी पाच मार्कांचा नव्हता.

फ्रान्समध्येही धक्का युद्धाचाच. १८७०-७१मध्ये प्रशियाकडून दारुण पराभव झाला. राज्य चालवणारा वर्गच कच्चा आहे, अशी एमिल बूतमी यांची खात्री पटली आणि १८७२मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये राज्यशास्त्राची स्वतंत्र, खासगी संस्था उघडली.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन १९१९चं, वेल्समधल्या ॲबरिस्टविथचं. पहिल्या महायुद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ते उभं राहिलं आणि त्याला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव मिळालं. हेच विल्सन आधी राज्यशास्त्राचे प्राध्यापक. प्रशासनाचा वेगळा अभ्यास हवा, असं मांडणारा त्यांचा १८८७चा लेख लोकप्रशासनाच्या पेपरात आजही पहिल्या धड्यात भेटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोने या पसाऱ्याची मोजदाद करायचं ठरवलं. १९४८मध्ये पॅरिसला जमलेल्या तज्ज्ञांनी चार कप्पे पाडले: राजकीय सिद्धांत; राजकीय संस्था; पक्ष, गट आणि लोकमत; आंतरराष्ट्रीय संबंध. राज्यशास्त्राच्या व्याप्तीवरच्या उत्तरात विद्यार्थी हीच यादी घोकतात. गंमत म्हणजे, जे आधीच अस्तित्वात होतं त्यालाच या यादीने नावं दिली. कप्प्यांना जोडणारा धागा तिने दिला नाही.

तो धागा पद्धतीत शोधायचा, असं अमेरिकेतल्या वर्तनवाद्यांनी ठरवलं. घटनेची कलमं बाजूला ठेवा, माणूस मत कसं देतो ते मोजा. डेव्हिड ईस्टन हे त्यांच्यातलं मोठं नाव. पण बाहेर व्हिएतनामवरून आणि वर्णभेदावरून रस्ते पेटले होते आणि वर्गात तक्ते भरणं चाललं होतं. १९६९मध्ये अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचे अध्यक्ष म्हणून बोलताना ईस्टन यांनीच सांगितलं की नुसती मोजमापं पुरेशी नाहीत, अभ्यासाला काळाच्या प्रश्नांना भिडावं लागेल. याला पुढे उत्तर-वर्तनवाद म्हणू लागले. माझ्या मते पदवीच्या पुस्तकांतला हा सर्वांत जिवंत प्रसंग; शिकवला मात्र जातो चार वैशिष्ट्यांच्या यादीसारखा.

वाद तिथे मिटला नाही. २०००मध्ये ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ अशा टोपणनावाने एक ई-मेल अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांमध्ये फिरला. तक्रार अशी, की गणिती पद्धतींनी विषय गिळून टाकलाय. म्हणून आजही एखाद्या विद्यापीठात संख्याशास्त्र सक्तीचं असतं, दुसरीकडे त्याची सावलीही पडत नाही, आणि दोन्हीकडून बाहेर पडणाऱ्यांच्या पदवीवर शब्द एकच असतो.