लाल आधी जातो

भोसरीत एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. दाराशी डाव्या हाताला, पत्र्यावर रिव्हेट मारून फ्लेक्सचा एक तुकडा लावलेला होता. पांढऱ्या जागेत मधोमध एक काळी सिगारेट आणि तिचा वर जाणारा धूर, बस्स. अगदी जवळ गेल्यावर तिच्याभोवती गुलाबीसर कड्याचा पुसट माग दिसला. मूळची पाटी ‘धूम्रपान निषिद्ध’ होती. दोन-तीन उन्हाळे पश्चिमेचं ऊन खाऊन ती आता ‘इथे ओढा’ म्हणत होती. शेजारीच थिनरचे डबे रचलेले.

हे पुण्यात कुठेही दिसतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आठवा. काढायचे राहून गेले की सहा महिन्यांत साहेबांचा चेहरा निळा पडतो, कपाळावरचा टिळा नाहीसा होतो, काळ्या मिशा मात्र जागच्या जागी. छपाईच्या मशीनमध्ये सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), यलो आणि ब्लॅक अशा चार शाया असतात. लाल ही वेगळी शाई नाही, मॅजेंटा आणि यलो एकमेकांवर पडून लाल दिसतो. काळी शाई म्हणजे मुळात काजळी, तिला ऊन काही करू शकत नाही. सायनमध्ये तांब्याचा अणू मधोमध घट्ट धरून बसलेला एक रेणू असतो, तोही चिवट. मॅजेंटा आणि यलोचे रेणू त्यामानाने नाजूक. त्यातून लाल दिसायचं तर निळा-हिरवा प्रकाश गिळावा लागतो, आणि निळ्या प्रकाशात लाल प्रकाशापेक्षा ऊर्जा जास्त. भरीला अतिनील किरण. रोज हा मार खाऊन रेणूतले बंध तुटतात आणि रंग उडतो. चारांतल्या ज्या दोन शाया ‘करू नका’ म्हणतात त्याच आधी जातात.

सुरक्षा पाट्यांची भाषा जगभर जवळपास एक आहे. आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकात चिन्हं ठरवून दिली आहेत, आपल्याकडे आयएस ९४५७ हे भारतीय मानक आहे. लाल कडं आणि तिरकी पट्टी म्हणजे मनाई, पिवळा त्रिकोण म्हणजे सावध राहा, निळा गोल म्हणजे हे केलंच पाहिजे (हेल्मेट, गॉगल, हातमोजे), हिरवा चौकोन किंवा आयत म्हणजे सुटकेची वाट. रंगाला आकाराची जोड मुद्दाम दिली आहे, कारण लाल-हिरव्यात गल्लत होणारे लोक असतात, आणि पुरुषांत ते बायकांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांना आकार सांभाळून घेतो. पण कडंच उडालं तर आकारही गेला.

कायदा मोजमापाचा मात्र पक्का आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे २००८ चे नियम पाटी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची मागतात, वर्तुळ किमान १५ सेंटिमीटरचं, लाल कडा किमान ३ सेंटिमीटर रुंद. ते कडं किती पावसाळे काढेल, हे पट्टीने मोजता येत नाही. ते ठरतं पाटी करायला टाकताना, आणि तिथे आपण विचारतो एकच प्रश्न: स्क्वेअर फुटाला किती?

खरं तर टिकणारा लाल आपल्या ओळखीचा आहे. गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. तो आधीच पूर्ण गंजलेला, ऊन त्याचं आणखी काय बिघडवणार? विजेच्या खांबावरची कवटी आणि दोन हाडांची पाटी पाहा. १९५६ च्या वीज नियमांत ही पाटी हिंदी किंवा इंग्रजीसोबत जिल्ह्याच्या भाषेतही हवी असं म्हटलं होतं. तिच्यासाठी आयएस २५५१ हे वेगळं मानक आहे. जुन्या पाट्या एनॅमलच्या असत. पोलादी पत्र्यावर काचेची पूड आणि धातूंची ऑक्साइडं पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजायची, की रंग काचेतच कोंडला जातो. पेठांतल्या वाड्यांवर घरक्रमांकाच्या निळ्या पाट्या दिसतात ना, त्यातला निळा कोबाल्टचा. वाडा खचला तरी आकडा वाचता येतो. अशी पाटी मरते ती खिळ्याच्या भोकापाशी. तिथे काचेचा टवका उडतो, पाणी शिरतं आणि गंज गोल गोल पसरत जातो.

आज एनॅमल कोण करतं म्हणा. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर स्क्रीन प्रिंटिंग, किंवा चांगल्या व्हिनाइलवर अतिनील किरण अडवणारं लॅमिनेशन, एवढं केलं तरी बरीच वर्षं निघतात. सनबोर्ड घरात ठीक, पण थर्माकोलसारखा गाभा असलेला सनबोर्ड आगीत वितळून ठिबकतो. बाहेर जाण्याची वाट दाखवणारी पाटी त्यावर लावू नये, हे माझं ठाम मत.

आकाराबाबत एक सोपं गणित आहे. किती मीटरवरून दिसायला हवी त्या आकड्याचा वर्ग करा आणि २००० ने भागा. येतं ते पाटीचं किमान क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. २० मीटरसाठी ०.२ चौरस मीटर, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरची चौरस पाटी. ऑफिसात ए-फोर कागदावर प्रिंट मारून लॅमिनेट करतात ती जेमतेम ११ मीटरपर्यंत चालते. पुणेरी पाटी थांबून, चष्मा लावून, चवीने वाचायची असते. ही पाटी धावणाऱ्या माणसासाठी आहे.

आता अंधारातल्या पाट्या. दुकानात ‘रेडियमची पाटी द्या’ म्हटलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळू शकतात, आणि दोन्हींत रेडियम नसतं. शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या तबकड्यांवर झिंक सल्फाइडमध्ये खरंच रेडियम मिसळत. तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरत, आणि त्यातल्या कित्येकींचे जबडे सडले. ते बंद झालं, नाव उरलं. आज नंबरप्लेटवर असतं त्या ‘रेडियम’मध्ये बारीक काचमणी किंवा प्रिझम असतात. ते आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात. गाडीला दिवा आहे म्हणून ते चमकतं. लाइट गेलेल्या जिन्यात तुमच्याकडे टॉर्च नसेल तर ते काळंच.

जिन्यासाठी हवं ते दुसरं, साठवलेला प्रकाश हळूहळू सोडणारं. स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट नावाच्या पदार्थात युरोपियम आणि डिस्प्रोसियम हे धातू किंचित मिसळतात. प्रकाशाने उचललेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या खाचांत अडकतात आणि खोलीतल्या उष्णतेच्या धक्क्याने एकेक करत सुटतात. जपानमध्ये १९९० च्या दशकात हे जमलं, आणि चमक मिनिटांवरून तासांवर गेली. ती चमक हिरवट असते ते सोयीचंच, कारण अंधारात आपले डोळे ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्याला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात आणि लाल त्यांना काळा दिसतो. गंमत म्हणजे १९४८ च्या कारखाना कायद्यात मुळात सुटकेच्या दारावर लाल अक्षरं सांगितली होती, कामगारांना समजणाऱ्या भाषेत, नाहीतर सहज कळेल असं चिन्ह. दाराकडे धावणारा हिरवा माणूस पुढे जपानमधून आला. १९७२ आणि १९७३ मध्ये तिथे दोन डिपार्टमेंट स्टोअरना लागलेल्या आगींत प्रत्येकी शंभरावर माणसं गेली, त्यानंतर.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत फायर ऑडिटच्या आधी असल्या पाट्या लागल्या, चांगल्या प्रतीच्या. एका रात्री लाइट गेली तेव्हा मुद्दाम जिना उतरून पाहिला. दुसऱ्या मजल्यावर ट्यूबलाइट सतत चालू असते, तिथली पाटी लख्ख. चौथ्यावर वीज वाचवायला सेन्सरचा दिवा बसवलाय, माणूस आला तर अर्धा मिनिट लागणारा. तिथल्या पाटीत साठायला प्रकाशच नव्हता. दार मी भिंतीला हात लावत शोधलं.