नव्वदीतल्या मांड्या

माझी आत्या ८४ वर्षांची. जेवण झालं की टेबलावर दोन्ही तळवे दाबून, "विठ्ठला" म्हणत उठायची. पाणी हवं म्हटलं की घरातले तीन जण धावायचे, "आत्या, तू बस, मी आणते." हे प्रेमच होतं, पण त्या प्रेमापायी तिच्या मांड्या झिजत होत्या.

म्हातारपणी स्नायू रोडावतात, त्यामागे नुसतं वय नसतं. मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी हळूहळू कमी होतात हे खरं. पोरक्या झालेल्या स्नायूतंतूंपैकी काहींना शेजारची चेतापेशी जोडून घेते, बाकीचे सुकतात. जास्त फटका बसतो तो झटकन आखडणाऱ्या तंतूंना. उंबऱ्याला पाय अडखळला की दुसरा पाय चटकन पुढे टाकतात ते हेच तंतू.

पण बसून राहण्याचा वाटाही मोठा आहे. अमेरिकेतल्या एका प्रयोगात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं मांस सुमारे एक किलोने घटलं. फक्त दहा दिवसांत!

उलट दिशेचा प्रयोग त्याहून थक्क करणारा आहे. मारिया फियातारोने या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त रहिवाशांना वजनं उचलायला लावली. सरासरी वय ९०. आणि वजनं हलकीफुलकी नव्हेत, तर त्या माणसाला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. आठ आठवडे टिकलेल्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली. शंभरीपलीकडचा दाखला फ्रान्सच्या रोबेर मारशां यांचा: २०१७ मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी त्यांनी तासाभरात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली.

म्हणून "आता या वयात कुठं" हे वाक्य मला सहन होत नाही. स्नायूला वय विचारून वाढायची सवय नाही. त्याला झेपेल त्याहून थोडा जास्त भार लागतो आणि ताटात पुरेशी डाळ, दूध, अंडं. रोजची शतपावली चांगलीच, पण मांडीवर खरा भार पडतो तो उठताना.

डॉक्टरांना विचारून आत्याचं सुरू केलं. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं, कारण खाली येताना स्नायू ताणलेला राहून भार पेलतो. पहिल्या दिवशी दोनदाच जमलं. दोन महिन्यांनी दहा.

बोस्टनच्या त्या मंडळींनी व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ३२ टक्के ताकद गेली होती. दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत आत्याचाही खंड पडला, आणि भाऊबीजेनंतर तिचा हात पुन्हा टेबलाकडे गेला. आता पाहुणे समोर बसलेले असले तरी संध्याकाळी सहाला ती खुर्ची भिंतीला लावते.